असू दे, लागला तर!

सध्या मोबाइलवर एक हात दिसतो. हाताला चेहरा नसतो. पांढऱ्याशुभ्र पलंगावर तो एक शर्ट पसरतो, बाह्या मागे घेतो, खालून गुंडाळत गुंडाळत कॉलरपर्यंत येतो आणि शर्टाचा सुबक लोड करून टाकतो. असे लोड बॅगेत ओळीने लागतात. बॅग बंद होते. बॅगेवर कुणालाही बसावं लागत नाही. ‘एकही सुरकुती नाही’ असं सांगून हात निघून जातो आणि त्याच्या जागी मूळव्याधीची जाहिरात येते.

ज्या घरातल्या पलंगावर एवढी मोकळी जागा असते, त्या घरातलं कुणी प्रवासाला निघालेलंच नसतं. आपल्याकडे निघण्याच्या आदल्या रात्री पलंगावर इस्त्रीचा गठ्ठा असतो, अर्धवट वाळलेले मोजे असतात, चार्जर, औषधांचा डबा, भाजणीची पिशवी, ‘तिकडे गेल्यावर एवढं द्याल का’ म्हणत शेजारच्या काकूंनी आणून ठेवलेलं पार्सल असतं, आणि या सगळ्यावर आडवं होऊन एक पोर झोपलेलं असतं. शर्ट पसरायचा तर आधी पोर हलवावं लागतं. ते जागं झालं, तर गुंडाळायचं तंत्र राहतं बाजूला.

तरी लोक हे व्हिडिओ बघतात. बघून पुढे पाठवतात. पाठवणारे बहुतेक पुरुष असतात आणि ज्यांना पाठवतात त्या बहुतेक बायका असतात. सोबत मजकूर : ‘हे बघ, किती सोपं आहे.’

मुळात सुरकुती पडते कशी? सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. हायड्रोजनच्या बंधांनी त्या एकमेकींना धरून असतात. ओल आली की ही पकड सुटते आणि साखळ्या सरकतात. तेवढ्यात वरून दाब आला तर वाकलेल्या जागीच त्या थांबतात, ओल गेली की तिथेच पुन्हा एकमेकींना धरतात. झाली सुरकुती. आता इस्त्रीवाला काय करतो बघा. पाणी शिंपडतो, तापवतो, दाबतो, सुकवतो. म्हणजे तेच करतो. सुरकुती आणि कडक घडी यांत रसायनशास्त्राला काही फरक दिसत नाही. फरक दिसतो तो चुलत सासूबाईंना.

बॅगेतही दाब असतो, ओल असते आणि रात्रभराचा वेळ असतो. ओल कुठून आली, असं विचारू नका. साध्या हवेतूनच कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतो. लिनन १२ टक्के, रेशीम ११, पॉलिस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. लोकर तर १६ टक्क्यांपर्यंत जाते. पण तिचा धागा जात्याच कुरळा आणि लवचीक, त्यामुळे लोकरीचा कोट रात्रभर हँगरला टांगला की सकाळी बराचसा सरळ होतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली की बॅगेला वेगळं काही करावं लागत नाही.

यातून कामाची एक गोष्ट निघते आणि तीच नेमकी कुणी करत नाही. इस्त्री करून गरमागरम शर्ट थेट बॅगेत घालू नये. त्यात ऊबही असते आणि वाफही. वर दोन जीन्स ठेवल्या की सुरकुत्या अगदी शास्त्रशुद्ध पडतात. शर्ट थंड होऊ द्यावा, कोरडा होऊ द्यावा, मग घडी घालावी. पण आपल्याकडे इस्त्री होते तीच मुळी रिक्षा दाराशी आल्यावर.

आता तंत्रांकडे वळू.

गुंडाळी. कापड जितक्या टोकदार कोनात वाकतं तितकी सुरकुती खोल. गुंडाळीत वळण मोठं, म्हणून सुरकुती उथळ. टी-शर्ट, जीन्स, लेंगे, पायजमे यांना हे ठीक. कडक कॉलरचा शर्ट गुंडाळला की कॉलरची मान मुरगळते.

मधे कागद किंवा पातळ प्लास्टिक घालणं. घडीच्या थरांत घर्षण कमी होतं, कापड कापडावरून घसरतं, अडकून चुरगळत नाही. हे खरोखर चालतं. लाँड्रीचं पातळ प्लास्टिक यासाठी उत्तम. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली हे खरं, पण प्रत्येक मराठी घरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते आणि तिथपर्यंत कोणताही कायदा अजून पोचलेला नाही.

हवा काढून चपटी करायची पिशवी. ही रजईसाठी चांगली. हिच्यात सुती कपडे घालून वर गुडघा टेकवून हवा काढणं म्हणजे सुरकुत्या पडाव्यात म्हणून जातीने केलेला प्रयत्न. शिवाय आकार कमी होतो, वजन होत नाही. विमानतळावरच्या काट्याला आकारात रस नाही. त्याला सात किलो हातातले आणि पंधरा किलो पोटातले एवढंच कळतं. चपट्या पिशवीने जागा वाचली म्हणून तिथे आपण आणखी दोन जोड कोंबतो आणि मग काउंटरपुढे, रांगेतल्या सगळ्यांच्या साक्षीने, बॅग उघडून अंतर्वस्त्रांसह फेरवाटणी करतो.

आणि गठ्ठा. याला परदेशात मोठा मान आहे. मधे मऊ कपड्यांचा गाभा ठेवायचा आणि त्याभोवती शर्ट, पँट, साड्या एकेक करून उलटसुलट गुंडाळत जायचं. कुठेही टोकदार घडी नाही, म्हणून सुरकुती नाही. तत्त्व बिनचूक. फक्त एक शर्ट काढायचा झाला की अख्खा गठ्ठा सोडावा लागतो, एकत्र कुटुंबासारखा : एकाने वेगळं व्हायचं ठरवलं की सगळ्यांचं सामान बाहेर येतं. आणि हे तंत्र नवं आहे, असं कुणी मराठी माणसाला सांगू नये. न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या आईबाबांची बॅग उघडून बघा. मधे गाभा म्हणून लोणच्याची बरणी असते आणि तिच्याभोवती बाबांचे सगळे शर्ट गुंडाळलेले असतात. बरणी सुखरूप पोचते. शर्टांना मेथीचा वास येतो. तेवीस-तेवीस किलोच्या त्या दोन बॅगांत माणसाच्या अंगावर घालायचं असं काय होतं, तर जे बरणीला नको होतं ते.

सुरकुती न पडणारं कापडच घ्या, असं सांगणारे शहाणे दर पिढीत असतात. १९४१ साली मँचेस्टरच्या एका कापड छपाई कंपनीत व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिस्टरचा धागा काढला. त्याचं नाव टेरिलीन. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीनचा शर्ट हा शर्ट नव्हता, ती सामाजिक पायरी होती. मग टेरिकॉट आलं, दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग कापूस. रात्री लॉजच्या मोरीत धुवायचा, खिडकीच्या गजाला टांगायचा, सकाळी घालून साहेबासमोर उभं राहायचं. त्या पिढीला इस्त्रीची गरज नव्हती. मे महिन्यात नागपूरला टेरिलीन घालून वरातीत नाचलेल्या माणसाला मात्र मोक्षाची गरज भासली असणार. घाम आत, शर्ट बाहेर, दोघांची भेट नाही.

पॉलिस्टरने बाजार खाल्ला तेव्हा अमेरिकेतल्या कापसाने रूथ बेनेरिटो या बाईंकडे धाव घेतली. न्यू ऑर्लिन्सला तिथल्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत त्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. कापसाच्या त्या सरकणाऱ्या साखळ्या एकमेकींना रसायनाने पक्क्या बांधून टाकायच्या, म्हणजे सरकायचा प्रश्नच नाही, या विद्येत त्यांचं काम मोलाचं. आज दुकानात ‘रिंकल फ्री’ अशी चिठ्ठी लावलेला सुती शर्ट मिळतो तो या घराण्यातला. त्याची किंमत चिठ्ठीवर पूर्ण छापलेली नसते. बांधलेला धागा ताठ होतो आणि लवकर तुटतो. म्हणून असा शर्ट छातीवर नवा दिसतो आणि कॉलरच्या कडेला विरतो. पुष्कळ वेळा या बांधणीत फॉर्माल्डिहाइडच्या जातीची रसायनं असतात, त्यामुळे नवा शर्ट एकदा धुऊन मगच घालावा. सांगून ठेवलं. ऐकणार कुणी नाही, कारण नवा शर्ट धुतला तर त्याला नवा कोण म्हणेल?

पैसेवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सुरकुती विकतच घेतली. लिनन हे सगळ्यात लवकर चुरगळणारं कापड आणि सगळ्यात महागांपैकी एक. चार हजारांच्या लिननच्या शर्टावर सुरकुती पडली तर माणूस निवांत दिसतो. चारशेच्या सुती शर्टावर तीच पडली तर गबाळा. जपानच्या इस्सी मियाके यांनी १९९३ साली तर आख्खी कपड्यांची मालिकाच काढली : पॉलिस्टरचा कपडा हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा शिवायचा, मग उष्णतेने दाबून त्यावर कायमच्या चुण्या पाडायच्या. बोळा करून बॅगेत टाका, झटका, घाला. आपल्याकडे ओढणी ओली असतानाच पिळून, दोरीसारखा पीळ घालून, गाठ मारून ठेवणाऱ्या बायकांना यात विशेष काही वाटणार नाही. फक्त त्यांना कुणी पॅरिसला बोलावलं नाही.

पण खरी परीक्षा पॅरिसला नसते. ती मंगल कार्यालयात असते.

परगावचं लग्न. रात्रीचा प्रवास, स्लीपर डबा किंवा खाजगी बस, बॅग बर्थखाली, तिच्यावर पाय, पायांवर कुणाची तरी दुसरी बॅग. पहाटे साडेपाचला कार्यालय. वरपक्षाची खोली म्हणजे चार गाद्या, वीस माणसं आणि एक प्लग. बॅगा उघडतात. आणि मग तो आवाज येतो, जो कोणत्याही मंत्रोच्चारांआधी येतो : “इस्त्री कुणी आणलीय का?”

इस्त्री एकाच मावशींनी आणलेली असते. प्रत्येक खानदानात अशी एक मावशी असते. त्या क्षणापासून मुहूर्तापर्यंत नवरामुलगा दुसऱ्या क्रमांकावर. गादीवर चादर, चादरीवर टॉवेल, असा ओटा तयार होतो. रांग लागते. रांगेत मान बघितला जातो : आधी मुलाचे काका, मग मामा, मग ज्यांना अंतरपाट धरायचा आहे ते, मग ज्यांचा फोटो येणार आहे ते. जावई रांगेत उभे राहत नाहीत, त्यांचा सदरा रांगेत उभा राहतो. साडेनऊला वधूपक्षाकडून निरोप येतो, ‘तुमच्याकडे इस्त्री आहे म्हणे, पाच मिनिटं मिळेल का?’ मिळते. न देऊन सांगायचं कुणाला? ती गेलेली इस्त्री परत येईपर्यंत दोन घराण्यांतल्या संबंधांची पहिली कसोटी लागून गेलेली असते. हुंड्यावर कायदा आहे, इस्त्रीवर नाही.

या इस्त्रीच्या बटणावरची अक्षरं पुसलेली असतात. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीचं चित्र आणि त्यात टिंबं असतात : एक टिंब म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती आणि लिननला तीन, लोकर-रेशीम-पॉलिस्टरला दोन किंवा त्याहून कमी. हे वाचणारा कुणी त्या खोलीत नसतो. तिथली पद्धत म्हणजे इस्त्रीला ओलं बोट लावायचं आणि ‘स्स’ झालं की सुरू करायचं. तळाशी एक काळा चकचकीत डाग दिसतो ना? तो मागच्या लग्नातल्या कुणाच्या तरी शेरवानीचा. झगमगती शेरवानी रेशमाची म्हणून घेतलेली असते, आणि ती कशाची होती ते फक्त इस्त्रीला कळतं.

पैठणी या रांगेत नसते. पैठणी बॅगेतूनच आलेली नसते. ती मलमलीच्या फडक्यात, वेगळ्या पिशवीत, मांडीवर बसून आलेली असते. बसमध्ये नवरा उभा असला तरी चालतो, पैठणी उभी राहत नाही. आणि हा लाड रास्त आहे. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर घडीच्या जागी जर तुटते, म्हणून अधूनमधून घडी उलगडून दुसऱ्या जागी घालावी लागते. प्रवासातल्या कपड्यांबद्दलचं सगळं शहाणपण एवढ्यातच आहे : थोडं न्यायचं, मऊ कापडात न्यायचं, वर काही ठेवायचं नाही. एका साडीसाठी आपल्याला ते जमतं. बाकीच्या अठरा कपड्यांच्या वेळी कुठे जातं कोण जाणे.

कुठे जातं ते सांगतो. ‘असू दे’मध्ये जातं.

सुरकुती घडीने पडत नाही, ती ‘असू दे’ने पडते. दोन दिवसांच्या लग्नाला चार जोड पुरतात. पाचवा ‘असू दे, सांडलं-बिंडलं तर’. सहावा ‘असू दे, तिकडे संध्याकाळी गार असतं’. सातवा ‘असू दे, वन्सं विचारतील आम्ही दिलेला ड्रेस कुठेय’. आठवा ‘असू दे, त्यावर हे कानातले जातात’. नववा कुणाचा आहे हेच माहीत नाही, पण असू दे. मग बॅगेचं झाकण दोन इंच वर राहतं, थोरला मुलगा वर बसतो, धाकटा चेन ओढतो, आणि त्या मुलाच्या चाळीस किलोंखाली साखळ्या आपापल्या नव्या जागी निमूट स्थिरावतात. आता शर्ट गुंडाळला होता की घडी घातली होती, याला काही अर्थ उरत नाही. (बॅग फार रिकामी असली तरी कपडे आत घसरून चुरगळतात, हेही खरं. पण तो त्रास आपल्याला होत नाही.)

पूर्वी पत्र्याची ट्रंक होती. तिचं झाकण मुलाच्या बसण्याने खाली जात नसे. जेवढं मावेल तेवढंच, हा निर्णय ट्रंक घेई. बिछाना होल्डॉलमध्ये वेगळा, फराळाचा डबा वेगळा. जिथे जाऊ तिथे पँट रात्री गादीखाली घालून त्यावर झोपायचं, सकाळी घडी पडलेली. फारच घाई असेल तर तांब्यात निखारे घालून फिरवायचा. आजच्या बॅगेला चाकं आहेत, चेन आहे, ती चेन उघडून बॅग आणखी दोन इंच फुगवायची सोयही आहे. ही सोय ज्याने काढली त्याने ‘असू दे’ हा शब्द न ऐकताच ओळखला होता.

‘असू दे’ म्हणणारी आणि बॅग भरणारी बहुधा एकच बाई असते, म्हणून दोष तिच्यावर ढकलणं सोपं. पण ती कुणासाठी भरते? काय घातलं, कितव्यांदा घातलं, कुणी दिलेलं घातलं, याची नोंद ठेवणारे डोळे मांडवात बसलेले असतात. नवऱ्याचं काम आदल्या रात्री दारात उभं राहून “माझा निळा शर्ट घेतलाय ना?” एवढं विचारणं. सकाळी शर्ट चुरगळलेला निघाला की “कशी गं भरलीस?” हेही त्याचंच काम. ज्या वाक्याचा कर्ता नेहमी दुसरा असतो, ते वाक्य म्हणायला कष्ट पडत नाहीत.

एका जमातीला मात्र हा प्रश्न शिवत नाही. खळ घातलेला, कडक, पांढरा सदरा. गाडीच्या मागच्या खिडकीवरच्या खुंटीला हँगरवर टांगलेला. दर सभेआधी एक नवा. खळीचा कपडा बॅगेत घातला तर प्रत्येक घडीवर रेघ उमटते, हे पुढाऱ्यांना बरोबर माहीत असतं. म्हणून सदरे मागे बसून प्रवास करतात आणि कार्यकर्ते दुसऱ्या गाडीत कोंबून. कार्यकर्त्यांच्या शर्टांवर सुरकुत्या असतात. त्या मतदारांना आपल्यातल्या वाटतात, असंही सांगतात.

हॉटेलात उतरला असाल तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून, दार लावून, शर्ट आत टांगा, वाफेने सुरकुती सुटते, असा सल्ला सगळे देतात. सल्ला खरा आहे. वाफ म्हणजे पुन्हा तीच ओल आणि तीच ऊब, साखळ्या सैल होतात आणि शर्टाच्या स्वतःच्या वजनाने सरळ होतात. मात्र भिंतीवर ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’ अशी पाटी आहे, बादली एक आहे आणि माणसं चार. तिथे वाफ शर्टाला मिळेल की आजोबांच्या पाठीला? तेव्हा तळहात ओला करून सुरकुतीवरून दाबून फिरवा, कापड ताणून धरा, पंख्याखाली उभे राहा. हलक्या सुरकुतीला एवढं पुरतं. खोल सुरकुतीवर जाकीट घाला.

आणि परतीची बॅग? तिच्यासाठी कुणी व्हिडिओ काढत नाही. परत निघताना तीच बॅग असते, तेच कपडे असतात, वर आहेरात आलेले टॉवेल-टोपी, दोन साड्या, एक स्टीलचा डबा आणि उरलेले बुंदीचे लाडू. सगळं दहा मिनिटांत भरून होतं. बोळे करून. कुणी गुंडाळत नाही, कुणी कागद घालत नाही, कुणी निळ्या शर्टाची चौकशी करत नाही, कारण आता बघणारं कुणी नाही. घरी येऊन बॅग मशीनपुढे उपडी होते. त्या ढिगात ते पाच ‘असू दे’ही असतात, एकदाही अंगाला न लागलेले. पण मळक्या मोज्यांशेजारी रात्र काढल्यामुळे तेही धुवायला पडतात, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नगाप्रमाणे त्यांचे पुन्हा पैसे लावतो.